नाना वकिलांची लाकडी बॅट

समोरच्याला आधी सांगून मग चेंडू मारणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे? मी पाहिला आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच संघात होता. अमरावतीच्या आमच्या क्लबातले नाना वकील पिंगपाँगचा प्रत्येक चेंडू टाकण्याआधी मोठ्यानं म्हणत, "आला बरं का."

आता हाच माणूस कोर्टात कसा होता ते ऐका. मोर्शीच्या एका पाटलाला त्यांनी उलटतपासणीत असं काही घुमवलं की तो बिचारा स्वतःच्या बापाचं नाव सांगतानाही अडखळला. तिथं दया नाही, माया नाही. आणि संध्याकाळी टेबलापाशी आले की चोपदारासारखी वर्दी. मी म्हणायचो, "नाना, शत्रूले चिठ्ठी पाठवून कोनी लढाई करते का?" तर म्हणायचे, "सांगितलेलं बरं असते, भाऊसाहेब."

आम्ही सगळ्यांनी नागपूरहून रबर लावलेल्या बॅटी मागवल्या. नानांनी आपली उघडी लाकडी बॅट सोडली नाही. टक्क, टक्क, टक्क. सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. मी एकदा माझी जुनी रबराची बॅट त्यांना फुकट देऊ केली, तर परत केली. "मुकी हाय ही. बॅट बोलली पाह्यजे."

बरं, त्यांची बॅट बोलायची, पण दुसऱ्या कुणी बोललेलं चालायचं नाही. कुणी खोकलं, कुणी पानाचा डबा उघडला, की खेळ बंद. सगळे चिडीचूप होईपर्यंत नाना चेंडू हातात धरून उभे. आणि एवढं सगळं करून चेंडू टाकायचे कुठं, तर समोरच्याच्या उजव्या हाताला, कोपऱ्यापासून वीतभर आत, त्याच एका जागी. तिथं चांदीचा रुपया ठेवला असता तर दहातले नऊ चेंडू त्याच्यावर पडले असते. एवढा नेम असलेला माणूस, आणि तो नेम समोरच्याच्या सोयीसाठी वापरतो. माझं डोकं फिरायचं.

तरी नाना जिंकायचे, हेही सांगितलं पाहिजे. परत आलेला कसलाही चेंडू ते उचलायचे. समोरचा मारून मारून थकायचा आणि शेवटी स्वतःच चुकायचा. म्हणून त्यांना संघात घ्यावं लागे.

पन्नाशी ओलांडलेल्यांचा आमचा आणि अकोल्याचा सामना दर वर्षी व्हायचा. त्याला एक नियम होता: हरलेल्या संघाच्या कप्तानानं जिंकलेल्यांच्या पंगतीत वाढायचं. हा नियम आणला कुणी? नानांनीच. "हरल्यानं वाढावं, जिंकल्यानं जेवावं. त्यानं मनात काही राह्यत नाही," म्हणाले. ह्यांना म्हणायला काय जातं, कप्तान मी होतो. लागोपाठ कैक वर्षं मी कमरेला पंचा गुंडाळून अकोलेकरांना वांग्याची भाजी वाढत होतो. घरी दोन जावई मला वाकून नमस्कार करतात, आणि इथं अकोल्याचा एक पेन्शनर माझ्या हातचा कणकेचा पानगा करपलाय म्हणून परत पाठवतो. मी ठरवलं होतं की यंदा काहीही होवो, आपण पाटावर बसून जेवायचं. त्यांनी वाढायचं आणि मी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायचं.

त्या वर्षी सामना अकोल्याला होता. तीन जणांचा संघ. मी माझा डाव जिंकलो, आमचा दुसरा गडी हरला, आणि सगळं नानांवर आलं. समोर तेल्हाऱ्याचे बापूसाहेब. धिप्पाड माणूस, डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा. नानांनी चेंडू उचलून उचलून त्यांना घामाघूम केलं. शेवटच्या डावात वीस-एकोणीस झाले, नाना पुढे, आणि चेंडूही नानांच्याच हातात. मला पाट दिसायला लागला होता.

तेवढ्यात घामानं बापूसाहेबांचा चष्मा घसरला, खाली पडला आणि फुटला. ते डोळे बारीक करून टेबल चाचपायला लागले. जाळीच्या पलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं. पंच म्हणाले, खेळ थांबत नाही. आता नानांनी डावीकडे एक साधा चेंडू लोटला असता तरी पुरे होतं. आमच्या लहान नातवानंही लोटला असता.

नानांनी सगळ्यांना गप्प केलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बापूसाहेब, उजव्या हाताले. आला बरं का." आणि टक्क करून त्याच जागी टाकला. बापूसाहेबांनी आवाजाच्या रोखानं हात फिरवला, आणि बसला की हो चेंडू. नानांनी तो उचललाही नाही, वर "वा" म्हणाले. बरोबरी झाली, आणि पुढचे दोन्ही गुणही बापूसाहेबांना गेले. त्या रात्री मी अकोलेकरांना वरण वाढलं आणि पेन्शनरनं मला मिठाचं विचारलं.

सकाळी परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी नानांशी बोललो नाही. मग राहवेना. "काहून केलं असं?"

"त्याले दिसत नव्हतं, भाऊसाहेब."

"म्हणूनच तर मारायचा होता."

"दिसत नसलेल्या मानसाले मारायचा कसा? आपल्याले येतच नाही ते," नाना म्हणाले.

घरी येऊन पिशवी उघडली तर नानांची ती लाकडी बॅट माझ्याकडे आलेली. मी म्हटलं, बरं झालं. बॅट तोंडावर फेकू आणि गाडीत राहिलेलं सगळं बोलून घेऊ. दिवेलागणीच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. नाना कुणाला घरी बोलवत नसत आणि स्वतः क्लबातून सहाच्या ठोक्याला उठत.

अंगणातच टक्क टक्क ऐकू आलं. ओसरीवर दोन दरवाजांच्या फळ्या खोक्यांवर मांडल्या होत्या. एका बाजूला नाना, बॅट नाही म्हणून हातात लोणच्याच्या बरणीचं लाकडी झाकण. दुसऱ्या बाजूला नऊवारी नेसलेल्या वैनी, म्हणजे नानांच्या पत्नी, पदर खोचलेला, मान जराशी कलती. "आला बरं का," नाना म्हणाले. टक्क. वैनींनी परतवला. त्यांची नजर चेंडूकडे नव्हतीच, ती कुठंच नव्हती. देवीच्या तापात त्यांचे डोळे गेले हे मला नानांनी त्यानंतर सांगितलं.

माझी चाहूल लागून वैनी थांबल्या. "कोन, भाऊसाहेब का? बॅट घेऊन येतीलच म्हनले होते हे. तुमच्यामुळं काल हे हरले म्हनतात." मी नानांकडे बघितलं. ते झाकण पुसत होते. "नाही वैनी," मी म्हणालो, "त्यांनी चेंडू उजवीकडे टाकला म्हणून."

वैनी हसल्या. "दुसरीकडे टाकताच येत नाही त्यायले. तुमी खेळा एक डाव."

मी खेळलो, नानांच्या बॅटनं. त्या घरचा कायदा असा की चेंडू ठरल्या जागी पडला नाही तर टाकणाऱ्याचा गुण गेला. तुम्हाला सांगतो, अकोल्याला जिंकलेला मी, दहा गुणही करू शकलो नाही. इकडे पडतो, तिकडे पडतो, आणि वैनी हवेत हात फिरवून म्हणतात, "भाऊजी, सांगितलं कुठं तुमी?" इतकी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी हे करतोय, आणि मी त्याला चोपदार म्हणत होतो.

हरलो. नानांनी पाट मांडला. वैनी बसल्या. नाना रोजच्या सवयीनं पळी घ्यायला वळले, तेव्हा वैनी म्हणाल्या, "आज तुमी नाही. हरल्यानं वाढायचं."

मी पळी घेतली. नाना मागं उभे राहून सांगत होते, भाजी उजव्या हाताले, भाकर समोर, वरण मधोमध. वरण चुलीवरचं, वाफाळतं होतं. ताटाजवळ हात नेला आणि माझ्याच तोंडून निघालं, "आलं बरं का, वैनी."

त्यांनी हात बाजूला घेतला.