टेपाची जर्मन शेपटी

आसगावात आपल्याइतका तयार कान दुसऱ्या कोणाचा नाही, हे जागेश्वरनं गावातल्या बहुतेक माणसांना स्वतः जाऊन सांगितलं होतं. फटफटी कारध्याच्या पुलावर असते तेव्हाच ती कोणाची हे तो ओळखतो, असं तो म्हणे. कारधा आसगावपासून पुष्कळ लांब आहे, पण कानाच्या बाबतीत जागेश्वर अंतर मानत नसे.

तेव्हा घरातला टेप घरघरतो आहे हे जागेश्वरच्या लक्षात यावं यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की त्याच्या आईच्या आणि बायकोच्या लक्षात ते त्याच्याही फार आधी आलं होतं.

टेप वडिलांचा, मारोतरावांचा. मारोतराव म्हणजे दंडारीतला, इकडच्या नाचगाण्याच्या खेळातला, गाजलेला गळा. ते वारले त्याला दोन पावसाळे झाले होते आणि त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुण्यांनी घरं फुगतात आणि रात्रभर दंडार चालते. तशाच एका मंडईत टेप मांडीवर घेऊन मारोतरावांनी ती स्वतः भरलेली. गाणी संपतात. मग ढोलकीवाला तुलाराम विचारतो, "मारोतराव, आता वहिनीचं नाव घ्या जी. त्याबिगर उठू देत नाही." त्यावर मारोतराव काहीतरी बोलतात. काय बोलतात, ते घरघरीत बुडून जातं. लोक हसतात, खटकन आवाज होतो आणि कॅसेट संपते.

सत्यभामाबाई त्या वेळी घरी पाहुण्यांचा भात उतरवत होत्या. सगळ्या संसारात नवऱ्यानं त्यांना 'अवो' याच्यापलीकडे हाक मारली नव्हती. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नवरदेव बैल पाहून येतो म्हणून उठला, तो थेट वरातीलाच परत आला.

"तुया बाबानं माहं नाव घेतलं का नाही," त्या जागेश्वरला म्हणत, "एवढं एकडाव ऐकू दे, बाबू. मंग मले न्यायले कोणी आलं तरी चालते."

तुलारामला विचारण्यात अर्थ नव्हता. जन्मभर ढोलकीशेजारी बसून त्याचे कान निम्मे गेले होते आणि आठवण त्यांच्या मागोमाग गेली होती. विचारलं की तो म्हणे, "घेतलंच असन." पुन्हा विचारलं की म्हणे, "कोणाचं?"

शेवटी शहाऐंशी सालच्या दिवाळीआधी जागेश्वर टेप घेऊन नागपूरला गेला. दुकानदारानं टेप उलटा केला, सुलटा केला आणि डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला.

"टेपात काही खराबी नाही, काका. करंट घाण आहे. किती शेतातून, किती खांबावरून येते तो. येता येता काय काय घेऊन येत असन. ही जर्मन वायर लावा. घाण बाहेर, करंट आत."

जागेश्वरला हे लगेच पटलं. तळ्याचं पाणी आपण फडक्यानं गाळून पितो, मग करंट तसाच कसा पितो, याचं त्याला वाईट वाटलं. वायर धामणीएवढी जाड होती. किंमतही तशीच जाड होती. मग दुकानदारानं भंडाऱ्याकडच्या चिन्नोर तांदळाची चौकशी केली, आणि दुसऱ्या फेरीला जागेश्वरच्या खांद्यावरून घरचं चिन्नोरचं पोतं नागपूरला गेलं.

"मंडईच्या पाहुण्यायसाठी ठेवलं होतं ते," त्याची बायको धुरपता म्हणाली होती. "आता त्यायले काय वायर वाढू?"

"तुले कान नाही," जागेश्वरनं शांतपणे सांगितलं होतं.

वायर घेऊन तो घरी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भिंतीपल्याडची धानाची गिरणी, जी एरवी घरातली भांडी हलवत असे, ती त्या दिवशी गप्प होती. गिरणीवाल्यालाही प्रसंगाचं भान आहे, असं जागेश्वरला वाटलं.

सत्यभामाबाई धुतलेलं लुगडं नेसून बसल्या. तुलारामला साक्षीदार म्हणून बोलावलं. टेपावर सत्यभामाबाईंनीच शिवलेली फुलाफुलांची खोळ होती, ती तशीच राहू दिली. मारोतरावांची वस्तू उघडी ठेवत नसत. टेपाच्या मागं एक खटका होता, इकडे केला की लाईन, तिकडे केला की सेल. पण मारोतरावांचा दंडक होता, घरात लाईन असताना सेल घालायचे नाहीत, ते गळतात आणि यंत्र खातात. ते गेल्यावर वडिलांचा शब्द म्हणून जागेश्वरनं त्या खटक्यावर चिकटपट्टीच मारून टाकली होती.

खोळीच्या भोकातून जुनी वायर उपटून त्यानं गोठ्यावर फेकली. नवीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"अजी, ऐकता का," धुरपता म्हणाली, "आज सकाळपासून..."

"वायर लागेपर्यंत कोणी बोलाचं नाही."

"पण मी काय म्हणून राहिली..."

"वायरीले रुळू दे. दुकानदारानं सांगतलं हाये."

धुरपता पदर खोचून भिंतीला टेकली.

नारळाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या हातानंच वायरीचं टोक घेऊन जागेश्वर भिंतीतल्या प्लगाकडे निघाला तसा तुलाराम ओरडला, "ओल्या हातानं कायले लावतं, बाबू? झटका बसन."

झटका बसला नाही.

"गाळलेला करंट चावत नाही, काका," जागेश्वर म्हणाला, आणि त्यानं कळ दाबली.

घरघर नव्हती. मारोतराव गात होते. गाताना मध्येच श्वास घेत होते, तोसुद्धा ऐकू येत होता. सत्यभामाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. ढोलकीवरचं एकेक बोट वेगळं वाजलं, तेव्हा तुलारामही पुढं सरकला.

"हे कोण वाजवून राहिलं?"

"तुम्हीच, काका."

"चांगला वाजवते."

जागेश्वरचे डोळे भरून आले. पोतं सत्कारणी लागलं होतं. गाणं संपलं. टेपातला तुलाराम म्हणाला, आता वहिनीचं नाव घ्या जी. घरात कोणी हललं नाही. आणि मारोतराव, समोर बसल्यासारखे स्वच्छ, बोलले:

"घेतो ना. नाव घ्यायले काय होते? पण थांबा जरा, अगोदर याचे सेल काढू द्या. नाहीतं गळतेत."

लोक हसले. खटकन आवाज झाला. कॅसेट संपली.

जागेश्वरनं आईकडे पाहिलं. मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्हंजे घेणार होते."

"काय म्हणे?" तुलारामनं विचारलं.

"सेल काढतो म्हणे," जागेश्वरनं त्याच्या कानात सांगितलं.

"हां. आता आठवलं. सेल काढले आन मंग आमी चहा पेलो."

"चहा झाल्यावर घेतलं असन," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं होतं. नावाच्या इतकं जवळ तर मारोतराव हयातीतही आले नव्हते.

"पण माय, आवाज पाह्यला?" जागेश्वर म्हणाला. "याले म्हणतेत वायर. घाण बाहेर..."

तेवढ्यात भिंतीपल्याड गिरणी धडधडली, फळीवरची भांडी हलली आणि भर दुपारी डोक्यावरचा बल्ब लागला.

सगळ्यांनी बल्बाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी धुरपताकडे पाहिलं.

"तेच सांगून राहिली होती," धुरपता म्हणाली. "सकाळपासून लाईन नव्हती. मले तांदूळ निवडता निवडता गाणे ऐकाचे होते, म्हून सेल टाकले. जाडा तांदूळ हाये, निवडाले वेळ लागते."

जागेश्वरनं खोळ वर केली. चिकटपट्टी लोंबत होती. खटका सेलाच्या बाजूला होता, आणि जर्मन वायर आत काहीही न आणता मोठ्या ऐटीत बसली होती. त्यानं खटका हलकेच लाईनवर केला, कॅसेट मागं फिरवली आणि कळ दाबली.

घरघर आली. भिंतीपल्याडच्या गिरणीलाही ऐकू जावी अशी, जर्मन वायरीतून गाळून आलेली, एकदम स्वच्छ घरघर.

जागेश्वरनं कान लावला. डोळे मिटले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती केली. तयार कानाचा माणूस घाईनं मत देत नाही.

"थोडासा फरक हाये," तो म्हणाला.

"असन, बाबू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण अगोदर ते सेल काढ. गळतेत."