पालखी लोड होत आहे

तळेकोंड गावची शिमग्याची पालखी भर दुपारी तिठ्यावरच्या जांभळीखाली थांबली होती, कारण पान उघडत नव्हतं.

पान विनोदच्या मोबाइलवरचं. त्याच्या मधोमध एक पांढरा गोल फिरत होता आणि अर्धा गाव त्याच्याकडे टक लावून बघत होता. ढोलवाल्यानेही बघता बघता गोलाचा ठेका पकडला. आता ढोल इतका सावकाश वाजत होता की दोन टिपऱ्यांच्या मध्ये माणसाची एक डुलकी सहज व्हावी.

"उगडलं?" गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, आत्माराम यांनी विचारलं.

"उघडतंय, काका."

"मगासपासनं उगडतंयच."

या गावात पालखी आधी वरच्या वाडीत जायची की खालच्या, यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. मागच्या शिमग्यात तर ते इतकं रंगलं की देव तिठ्यावरूनच देवळात परत गेला. तेव्हा विनोदने सभेत तोडगा सुचवला. तो मुंबईत पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. तिथे ग्राहकांचे फोन, पत्ते, कुणाकडे कधी जायचं, सगळं एक सॉफ्टवेअर सांभाळायचं. नोकरी गेली, पण सॉफ्टवेअरवरची श्रद्धा राहिली होती.

"पालखीचा क्रम यंत्र लावेल," विनोद म्हणाला होता. "यंत्राला वाडी नसते."

हे दोन्ही वाड्यांना पटलं. कोणी क्रम आधी बघून कुरकुर करू नये म्हणून प्रत्येक घराला फक्त आपला दिवस आणि वेळ कळेल, नेमका क्रम मात्र एक घर झालं की मगच पुढचा, असंही ठरलं.

सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं असल्यामुळे त्याला गाव समजेना. म्हणून विनोदने प्रत्येक घर 'ग्राहक' म्हणून भरलं. मुंबईकरांची कुलूपबंद घरं 'थंड ग्राहक' झाली. प्रत्येक भेटीला विक्री प्रतिनिधीचं नाव दिल्याशिवाय ते पुढे सरकेना, तेव्हा तिथे देवाचं नाव घातलं. प्रतिनिधीचा मोबाइल नंबर मागितला, तेव्हा आत्माराम यांचा दिला. तेव्हापासून रोज सकाळी त्यांना निरोप यायचा, 'आज एकही भेट नाही. नवे ग्राहक शोधा.' आत्माराम आंघोळ करून देवळात जायचे आणि तो निरोप देवाला वाचून दाखवायचे. देव ऐकून घ्यायचा.

या सगळ्यात गोदूबाईंना एकच हवं होतं. त्यांचा मुलगा निलेश मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा. तो यायचा तेव्हा पालखी दुसऱ्या वाडीत असायची आणि पालखी दारात यायची तेव्हा तो कुणाच्या तरी बिल्डिंगमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असायचा. नवरा गेल्यापासून देव आणि मुलगा एका वेळी अंगणात असे त्यांनी पाहिलेच नव्हते. सॉफ्टवेअरने मात्र छातीठोक सांगितलं होतं, 'मंगळवार, दुपार.' तेवढ्या भरवशावर निलेशने एका दिवसाची रजा काढली. मंगळवार होता, दुपार होती, निलेश आला होता. संध्याकाळच्या एसटीने त्याला परत जायचं होतं.

"विन्या, माजं दार सारवून सुकलं रे," गोदूबाई म्हणाल्या. "देव निगेल ना?"

विनोदने ज्या कंपनीकडून इंटरनेटवरची जागा घेतली होती, तिथे फोन लावला. सानिका नावाच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, "सर, तुमच्या सॉफ्टवेअरने सर्व्हरची सगळी मेमरी खाल्लीये. त्याला स्वतंत्र सर्व्हर लागतो. तुम्ही शेअर्ड होस्टिंग घेतलंय."

फोन स्पीकरवर होता. "शेअर्ड म्हंजे?" आत्माराम यांनी विचारलं.

"काका, सर्व्हर एकच, आणि त्यावर आपल्यासारख्या शेकडो जणांच्या साइट."

आत्माराम यांचा चेहरा उजळला. "असं सांग की मंग! सामायिक सातबारा!"

जांभळीखाली एकदम जाग आली. तळेकोंडात एकाच्या नावावर एक कलमही नव्हतं. आंब्याच्या एका झाडाला तीस-तीस वारस होते, त्यातले काही आफ्रिकेत. सर्व्हर कोणाला कळला नव्हता, पण सामायिक म्हटल्यावर गावात प्रत्येकजण वकील होता.

"हिस्सेदार कोण कोण हायत, त्ये काढ," आत्माराम म्हणाले. "संमती घेतल्याबिगर आपन मेंब्री खाल्ली. चूक आपली हाय."

विनोदने शोधाशोध करून दोन हिस्सेदार काढले. पहिला खेडचा बँडवाला. त्याला फोन लावला.

"आमी तुमच्या सामायिकातले, तळेकोंडचे," आत्माराम अदबीने म्हणाले. "तुमची साइट जरा वेळ बंद ठेवाल काय?"

"आमची साइट हाय?" पलीकडून विचारणा झाली. "चांगली हाय काय वो?"

दुसरी दापोलीची रोपवाटिका. मालकीण बिल्किसबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पालखी उन्हात आहे का?"

"नाय, जांबळीखाली हाय."

"मग ठीक. बंद करायला सांगते मुलाला. पण भाऊसाहेब, त्या जांभळीला पाणी घालता ना?"

आत्माराम यांनी तिथल्या तिथे जांभळीला पाणी घालायला लावलं. ओल्या मातीचा वास सुटला. काजूच्या बोंडांचा वास आधीच होता. दोन्ही मिसळून असा गारवा आला की खालच्या वाडीचे लोक वरच्या वाडीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. गोल फिरतच होता.

विनोदने पुन्हा फोन लावला.

"सर, बाकीचे नाहीच आहेत," सानिका म्हणाली. "सगळी गर्दी तुमचीच आहे. शेकडो लोक मुंबईवरून एकच पान परत परत उघडतायत."

चाकरमानी! पालखी कुठवर आली हे बघायला सगळे ऑफिसात बसून पान उघडत होते, आणि ते उघडत नव्हतं म्हणून आणखी उघडत होते.

"मंग फोन कर त्यांना," आत्माराम म्हणाले. "बगू नका म्हनावं."

विनोद फिरत्या गोलाकडे बघत राहिला.

"कर की!"

"काका, त्यांचे सगळे नंबर सॉफ्टवेअरमध्ये आहेत."

ढोलवाल्याने एक टिपरी मारली आणि तोही जांभळीच्या खोडाला टेकला.

तळेकोंडची पालखी वाटेत जमिनीला टेकवायची नसते. दोन माणसं, पुढे एक आणि मागे एक, दांडा खांद्यावर घेऊन उभी होती. खांदे बदलून बदलून गडी संपत आले, तेव्हा निलेश पुढे झाला. "आये, दारात येत नाय तर नाय. निदान खांदा तरी देतो," म्हणत त्याने पुढचा दांडा घेतला. गोदूबाई घराकडे चालू लागल्या. सारवलेल्या अंगणात कोंबड्या शिरल्या असतील, एवढंच पुटपुटल्या.

निलेश रात्रभर एसटीत उभा राहून आला होता. सावली गार होती. त्याचे डोळे मिटले. मागच्या गड्याचे आधीच मिटले होते.

आणि थोड्या वेळाने पालखी हलली.

विनोदने मान वर केली. पालखी तिठा सोडून वरच्या वाडीच्या चढणीला लागली होती. वाटेतला दगड तिने बरोबर चुकवला, करवंदीच्या जाळीपाशी ती तिरकी झाली, बांधावरच्या तुटक्या पायरीवर पाय न ठेवता पुढची घेतली. झोपलेला माणूस कुठे जाणार? लहानपणापासून जिथे गेला तिथेच जाणार. मागचा गडी गावच्या शिस्तीप्रमाणे पुढच्याच्या मागे चालला होता.

"क्रम लागला काय?" कोणीतरी दचकून विचारलं.

"देवानं वढ घेतली, पालखी आपसूक निगाली!" आत्माराम ओरडले, आणि मग त्यांना निलेशची हनुवटी छातीला टेकलेली दिसली. ते जवळ गेले. त्यांनी कान लावला. निलेश मंद घोरत होता. आत्माराम यांनी क्षणभर विचार केला आणि आवाज खाली आणला. "हळू. ढोल वाजवू नका. देवाची वढ मोडंल."

सगळा गाव चपला हातात घेऊन मागोमाग निघाला. वरच्या वाडीने हरकत घेतली नाही, देवाशी कोण वाद घालणार? खालच्या वाडीने मात्र कुजबुज करून तातडीने एक माणूस पाठवला, आपल्याकडे रात्रीच्या गाडीने आलेलं आणि अजून झोप न झालेलं कोण आहे ते बघायला.

गोदूबाई कोंबड्या हाकलत होत्या. वळून बघतात तर अंगणाच्या मधोमध देव, आणि देवाच्या पुढे निलेश.

त्या पाय न वाजवता आत गेल्या, ताट आणलं, ओटी भरली, नारळ ठेवला. मग निलेशच्या कपाळावरही गुलालाचं एक बोट ओढलं.

त्या थंड बोटाने निलेशचे डोळे किलकिले झाले. समोर आई दिसली, मागे घराचं दार दिसलं. तो समाधानाने हसला आणि दांडा खांद्यावर नीट सरकवून पुन्हा डोळे मिटत म्हणाला,

"आये, जरा पडतो गो. पालखी आली की उठव."

"व्हय, उठवते हां," गोदूबाई म्हणाल्या, आणि पदराने त्याला वारा घालत राहिल्या.