हेक्टर लाँड्रीत झोपतो

फळीवर सात बॅज होते. सहांचे आकडे शून्याच्या आसपास. सातव्याचा आठ पूर्णांक तीन!

बॅज म्हणजे छातीवर लावायचं काडेपेटीएवढं यंत्र. एक्स-रे विभागातल्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले, ते मोजतं. वर्षभराची मर्यादा वीस मिलिसिव्हर्ट. आणि डॉक्टर मर्ना ऑलसॉप यांचा बॅज एका आठवड्यात आठाच्या वर गेला होता! हे म्हणजे वर्षाचं तांदळाचं पोतं पंधरवड्यात फस्त करण्यासारखं झालं.

मेलबर्नपासून लांबच्या या हॉस्पिटलात किरणांची सुरक्षा मी बघते, आणि पुराव्याशिवाय कुणावर संशय घेत नाही. भौतिकशास्त्राची पदवी काही उगाच मिळत नाही! म्हणून दुपारपर्यंत मी फक्त चौघांवर संशय घेतला.

पहिला क्लाईव्ह. आमचं स्कॅनचं यंत्र चालवतो.

"क्लाईव्ह, मर्नाबाईंचा बॅज तुम्ही यंत्राखाली ठेवलात का? खरं सांगा!"

"ठेवला ना! दोन्ही बाजूंनी खरपूस भाजला, वर सॉस घातला. इन्स्पेक्टरबाई, डोकं फिरलंय का तुमचं?"

उरलेल्या तिघांनीही अशीच काहीबाही उत्तरं दिली. तिघांच्याही डोळ्यांत मला काहीतरी लपवल्यासारखं दिसलं. नंतर कळलं, ते हसू होतं.

शेवटी प्रकरण ग्लेनिसकडे गेलं. ग्लेनिस आमची व्यवस्थापक. तिच्यासमोर फोनसुद्धा हळू वाजतो.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "संध्याकाळी सहापर्यंत कारण सापडलं नाही, तर मर्ना ड्यूटीवरून बाहेर."

"अहो, पण सुट्टीच्या दिवशी स्कॅन वाचायला इथे दुसरं आहेच कोण?" क्लाईव्ह ओरडला. "आज फुटबॉलचा सामना आहे! कुणाची मान मोडली तर?"

"तर हेलिकॉप्टर आणि मेलबर्न."

मेलबर्नचे तज्ज्ञ मोठे, पण मान मोडलेल्याला तेवढा धीर निघायला हवा ना!

मी बॅजमधली तासातासाची नोंद उघडली आणि ताठच झाले. किरण पडले होते रोज रात्री साडेदहा ते सकाळी सहा. सलग! आता एक्स-रे कसा असतो? लखकन येतो आणि जातो. असा रात्रभर ठिय्या देऊन बसत नाही. शिवाय त्या वेळी मर्नाबाई घरी होत्या. अपघात आला की घरूनच धावत येतात, म्हणून बॅजही घरी नेतात. याचा अर्थ एकच. त्यांच्या घरात कुणीतरी किरणोत्सारी माल दडवलाय!

एवढ्यात शेजारच्या खोलीतून मर्नाबाईंचा आवाज आला. बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी ऐकत नव्हते. भिंतीला फक्त कान टेकला होता.

"अगं, हेक्टरला आठवडाभर मेलबर्नला आत ठेवलं होतं... हो, एकट्याला! कुणाला भेटायलाही देईनात. सोडताना बजावलं, जवळ झोपू देऊ नका. मग काय, लाँड्रीत झोपवते. पहिल्या रात्री दार खरवडून रडला बिचारा. ट्रेव्हर म्हणतो, त्याचे लाड बंद कर."

ट्रेव्हर हे त्यांचे यजमान. मग हा हेक्टर कोण? तुरुंगातून सुटलेला! लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत लपवलेला! आणि यजमानांना हे सगळं माहीत!

"ग्लेनिस," मी धापा टाकत म्हणाले, "गुन्हेगार सापडला!"

ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मर्नाच्या घरी? पुरुष? लाँड्रीत?"

"आणि यजमानांच्या संमतीने!"

"गाडी काढ."

मी किरण मोजणारं, टिकटिक करणारं मापक मांडीवर घेतलं. मर्नाबाई आमच्या आधीच घरी पोचल्या होत्या. दार ट्रेव्हरनी उघडलं. हातात चहाचा मग, पायात दोन वेगवेगळे मोजे. गुन्हेगारीत मुरलेली माणसं अशीच साधी दिसतात.

"हेक्टर कुठाय?" मी कडाडले.

"लाँड्रीत. का हो, काय केलं त्याने?"

"ते आम्ही ठरवू! घरातल्या कुणीही हलायचं नाही!"

"आत तरी या, बाई. माश्या येतात."

बोळात मापक टिक... टिक... करत होतं. स्वयंपाकघरापाशी टिकटिक. लाँड्रीच्या दाराशी तर कढईत मोहरी तडतडावी तसं! ग्लेनिस माझ्या मागे लपली. मी इस्त्रीचं टेबल ढालीसारखं पुढे धरलं आणि लाथ मारून दार उघडलं. टेबलाचे पाय खाडकन उलगडले आणि मी त्याच्यासकट धुण्याच्या टोपलीत!

समोर मर्नाबाईंची ड्यूटीची काळी बॅग. तिच्यावर वेटोळं घालून एक भला मोठा नारिंगी बोका. त्याने एक डोळा उघडला, मला न्याहाळलं आणि पुन्हा मिटला.

मर्नाबाई धावत आल्या. "अगं, त्याला थायरॉइडसाठी आयोडीन दिलंय! किरणोत्सारी! म्हणून तर लांब झोपवते मी त्याला, माझ्यापासून..."

त्या थांबल्या. बॅगेकडे पाहिलं. बॅगेच्या वरच्या कप्प्याकडे पाहिलं, जिथे त्या रोज रात्री बॅज ठेवतात. तिथे नारिंगी केसांची गादीच झाली होती.

"म्हणजे किरण तुझ्या अंगावर नाही पडले," ग्लेनिस हळूच म्हणाली. "बॅगेवर पडले."

तेवढ्यात मर्नाबाईंचा फोन वाजला. क्लाईव्हचा आवाज खोलीभर घुमला. "मर्ना, मैदानावरून पोरगा आणलाय, मानेला मार! तू येतेयस, की हेलिकॉप्टर बोलावू?"

मर्नाबाईंनी ग्लेनिसकडे पाहिलं.

"उभी काय राहिलीस? पळ!" ग्लेनिस म्हणाली. "बॅग राहू दे."

मग ती माझ्याकडे वळली. मी अजून टोपलीतच होते, डोक्यावर ट्रेव्हरची विजार.

"अहवाल पूर्ण करा, इन्स्पेक्टरबाई. गुन्हेगाराचं नाव लिहा. आणि नीट मोजून लिहा."

मी मोजून लिहिलं: हेक्टर. वजन सहा पूर्णांक दोन किलो. मानेपासून दहा सेंटिमीटरवर, ताशी शहाण्णव मायक्रोसिव्हर्ट.