ढवळीचं वशिंड

ज्याला दोन खांदे आहेत त्याचे कपडे आपण शिवू शकतो, आणि ज्याला खांदे नाहीत त्याला आधी खांदे शिवून मग कपडे शिवू शकतो, असं देवयानीचं स्वतःबद्दल मत होतं. मत काही उगीच नव्हतं. लग्नाआधी नागपुरात तिने हौशी नाटकवाल्यांसाठी राजे शिवले होते, राक्षस शिवले होते, बालनाट्यातलं एक वांगंही शिवलं होतं आणि त्या वांग्याला देठासकट बक्षीस मिळालं होतं. पण यतीनबरोबर लंडनजवळच्या वॉटफर्डला आल्यापासून बाईंच्या हातून काय शिवलं जात होतं, तर यतीनच्या ऑफिसातल्या लोकांच्या पँटी. इथली तयार पँट आपल्या माणसाला हमखास लांब होते. ते पाय आखूड करण्यात तिची दोन वर्षं गेली होती, आणि आपण कोण होतो याची ती आता स्वतःलाच अधूनमधून आठवण करून द्यायची.

म्हणून ट्रिंगच्या हिलरीबाईंचा फोन आला तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि बोलणं संपेपर्यंत उभीच राहिली. ट्रिंग म्हणजे वॉटफर्डहून ट्रेनने जरा वर गेलं की लागणारं छोटं गाव. हिलरीचं तिथे हौशी नाटकमंडळ होतं आणि दर ख्रिसमसला ते पोराबाळांसाठी एक धमाल नाटक करायचं. जुनी गाय फाटली होती, यंदाच्या नाटकाला नवी गाय हवी होती. आत दोन माणसं शिरतात, एक पुढचे पाय आणि एक मागचे पाय, तसली गाय. आणि मंडळाचे कपडे शिवणाऱ्या बाई नेमक्या आत्ताच कायमच्या स्पेनला निघाल्या होत्या.

"गाय छान झाली, तर स्प्रिंगच्या नाटकाचा अख्खा कपडेपट तुझा," हिलरी म्हणाली. "जमेल ना गाय?"

"गाय?" देवयानी हसली. "हिलरी, मी इंडियातून आलेय."

संध्याकाळी यतीनने विचारलं, "रेफरन्सला एखादा फोटो डाउनलोड करून आणू का? ऑफिसात कलर प्रिंटर आहे."

"गायीचा फोटो? मला? उद्या वरणाची रेसिपी डाउनलोड करशील."

तो फोटो त्या दिवशी घरात आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता देवयानीची एक सवय सांगायला हवी. मशीनचा आवाज सुरू झाला की तिचे हात तेवढे वॉटफर्डात राहायचे आणि बाकीची बाई कुठल्या कुठे निघून जायची. समोर स्वयंपाकघराची ओली खिडकी, पलीकडे शेजाऱ्यांच्या दोरीवर दिवसभर न वाळणारे टॉवेल. दोन-चार टाके पडले की ते टॉवेल विरघळून जायचे आणि तिथे शशीमामांचा गोठा उभा राहायचा. वर्ध्याजवळ सेलूला, हिवाळ्यातल्या सकाळचा. ओल्या गवताचा आणि शेणाचा वास, पत्र्यावरून सावकाश उतरणारं ऊन, आणि त्या उन्हात रवंथ करत उभी असलेली ढवळी. ढवळी म्हणजे मामांची गाय. पांढरीशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांची. तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीखाली हात घातले की गार पडलेली बोटं चटकन ऊब धरायची. आणि मानेमागे तिचं ते वशिंड, तो मऊ उंचवटा, चालताना एका बाजूला जरासा झुकणारा. लहानपणी देवयानी पाटावर उभी राहून त्यावर गाल टेकायची आणि तशीच उभ्या उभ्या पेंगायची.

तिला मामांची, गोठ्याची, त्या उबेची इतकी आठवण आली की तिने शिलाई न थांबवता डोळे पुसले. गॅसवर वरण लागलं. यतीनने ब्रेड खाल्ला. आणि टेबलावर ढवळी आकार घेत गेली. पांढऱ्या मखमलीची, लोंबत्या पोळीची, तारेच्या सांगाड्यावर फोम चढवलेल्या घसघशीत वशिंडाची.

फिटिंगला ग्रॅहम आला. ग्रॅहम म्हणजे पुढचे पाय. रिटायर्ड पोस्टमन, इतका उंच की दारातून वाकून आत आला आणि नंतर सरळ व्हायचं विसरला. तो गायीत शिरला तर त्याचं डोकं बरोबर वशिंडात जाऊन आपटलं. देवयानीने वशिंड थोडं वर घेतलं. तरी आपटलं. आणखी वर घेतलं.

"ओह, दॅट्स लव्हली," आतून आवाज आला.

ग्रॅहमने गाय पाहिली ती एवढीच, आतून. बाहेरून पाहायचा त्याला प्रसंगच आला नाही.

नाटक शनिवारी दुपारी होतं. यतीनला नेमका ऑफिसचा कॉल. देवयानीने गाय कंबरेत दुमडून मोठ्या पिशवीत घातली. मागचा भाग आत गेला, मुंडकं आणि वशिंड काही जाईना. तशीच ती बसस्टॉपवर उभी राहिली.

"व्हॉट अ ब्यूटिफुल कॅमल, लव्ह," रांगेतल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

देवयानीला वाटलं, चष्मा घरी राहिला असेल. पण ट्रेनमध्ये समोरच्या सीटवरची छोटी मुलगी आईला म्हणाली, "मम्मी, कॅमल." आणि आई म्हणाली, "येस डार्लिंग, सो इट इज." तिकीट तपासणाऱ्याने तर गायीला आता आठवडाभर पाणी लागणार नाही ना, असं विचारून स्वतःच हसून घेतलं. देवयानीला त्या सगळ्यांची कीव आली. दूध दुकानातून प्लॅस्टिकच्या बाटलीत आणणारी माणसं ही. गाय कशी असते हे यांना कोण सांगणार?

बर्कमस्टेड स्टेशन मागे पडलं. कालव्याच्या कडेने ओली हिरवी कुरणं सरकू लागली आणि कुरणात गायी उभ्या होत्या, तांबूस, काळ्यापांढऱ्या, इस्त्रीच्या टेबलासारख्या सपाट पाठींच्या. देवयानी काचेला डोकं टेकून त्यांच्याकडेच बघत होती. दिसत मात्र होती तिला ढवळी, धुक्यातून सावकाश चालत येणारी, वशिंड जरासं झुकलेलं.

हॉलवर पोचल्यावर ग्रॅहम आणि मागचे पाय लगेच गायीत शिरले. गाय उभी राहिली. हिलरी तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"देवयानी, इट्स गॉर्जस," ती हळूच म्हणाली. "इट्स अ कॅमल."

देवयानीने बाजूला जाऊन यतीनला फोन लावला. त्याने कॉल म्यूट केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तू वशिंड लावलंस?"

"मग? गायीला वशिंड नको?"

"अगं, इथल्या गायींना नसतं."

"नसतं म्हणजे? कुठे जातं?"

"जात नाही कुठे. मुळातच नसतं. आपण नॉटिंगहॅमला गेलो तेव्हा वाटेत एवढ्या गायी बघितल्या की."

"मला वाटलं, त्या अजून लहान आहेत."

तिने फोन ठेवला. स्प्रिंगचा कपडेपट डोळ्यांदेखत चालला होता, आणि घरी खुर्चीवर कोणाकोणाच्या पँटी पाय लोंबकळत वाट बघत होत्या. तिने पिशवीतून कात्री काढली. ढवळीवर कात्री चालवायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि तिची स्वप्नं काही कमी नव्हती.

"कोणी हात लावायचा नाही," गाय म्हणाली.

आत ग्रॅहम होता. जुन्या गायीत तो दरवर्षी कमरेत वाकून उभा राहायचा आणि नाटक संपलं की जानेवारीभर पाठीला शेक घेत पडायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मान सरळ ठेवता येईल अशी गाय मिळाली होती. वशिंड गेलं तर पुढचे पायही घरी जातील, असं त्याने आतूनच स्वच्छ सांगून टाकलं. बाहेर पोरांची रांग लागलेली. हिलरीने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि दारं उघडायला सांगितली.

देवयानी विंगेत उभी राहिली. अंगात कोट, गळ्यात टेप, हातात कात्री तशीच. पडदा वर गेला. नाटकातली गरीब आई दोरी ओढत गाय घेऊन आली. मग पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "दॅट्स अ कॅमल!"

"ओह नो इट इझंट," आई म्हणाली.

"ओह यस इट इज!" अख्खा हॉल ओरडला.

नागपुरात प्रेक्षक रंगमंचाशी असं भांडायला लागले की पुढचा नंबर खुर्च्यांचा असायचा. आई पुन्हा नाही म्हणाली, हॉल पुन्हा हो म्हणाला. आज्या ओरडत होत्या, बाप ओरडत होते, पोरं खुर्च्यांवर उभी होती. आणि मधोमध ढवळी, मान ताठ करून, बिचारी सगळं ऐकून घेत होती. देवयानीला ते बघवेना. काम गेलं तर गेलं, पण मामांच्या गायीला भर सभेत उंट म्हणायचं? ती तरातरा रंगमंचावर गेली, ढवळीच्या वशिंडावर हात ठेवला आणि हॉलकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "गाय आहे ती. नीट बघा. गाय आहे."

तेवढ्यात नाटकातली आई म्हणाली, "यू हर्ड द लेडी. इट्स अ काऊ."

"ओह नो इट इझंट!"

"आहे!" देवयानी म्हणाली.

"ओह नो इट इझंट!"

"आहे म्हणतेय ना!"

असं बराच वेळ चाललं. ती मनापासून भांडत होती, डोळ्यांत पाणी आणून, कात्री नाचवत. हॉल हसून हसून खाली यायचा बाकी होता. शेवटी आईने तिला हाताला धरून विंगेत नेलं तेव्हा टाळ्या थांबेनात.

हिलरीही रडत होती, पण हसून. तिने देवयानीला मिठी मारली आणि सगळं समजावलं. या नाटकांत प्रेक्षक मुळी भांडायलाच येतात. नाही म्हटलं की हो म्हणायचं, ही इथली जुनी रीत. गेल्या वर्षी कोणी भांडलंच नाही आणि नाटक झोपलं. तेव्हा वशिंड राहू दे, आणि बाकीच्या प्रयोगांनाही तू अशीच मधे ये. स्प्रिंगचा कपडेपट? तो तर तुझाच.

परतीच्या ट्रेनमध्ये देवयानी जमिनीवर नव्हतीच. बाहेर काळोख दाटला होता आणि काचेत तिला राण्या दिसत होत्या, सरदार दिसत होते, झगझगीत झगे तरंगत जात होते. आत्ता या घडीला ढवळीला साऱ्या जगात ओळखणारा एकच माणूस होता, तिकडे सेलूला, आणि त्याला हे सगळं कधी सांगते असं तिला झालं होतं.

यतीनने गायीचा फोटो ईमेलने सेलूला मामांच्या शेजाऱ्यांकडे पाठवला. रविवारी देवयानीने कॉलिंग कार्डवरचा नंबर खरवडून सेलूला फोन लावला. इंग्लिश माणसांना गाय कशी ती ओळखता येत नाही, हे मामांना रंगवून सांगायचं तिने ठरवलं होतं. पण आधी विचारावं म्हणून विचारलं, "मामा, फोटो बघितला का? ओळखलं का कोण आहे?"

"त्यात काय ओळखाचं," शशीमामा कौतुकाने म्हणाले. "मस्त जमला बाप्पा. पण काय वं देवयानी, तिकडच्या थंडीत उंट टिकते कसा?"