साखरेच्या डब्याचा कारभार

माणसाचा शब्द खोटा पडेल, यंत्राचा आकडा पडणार नाही, अशी श्रद्धा हे सुशिक्षित घराचं पहिलं लक्षण. थोरल्या बाईंचं घर तर अतिसुशिक्षित. तिथे थर्मामीटरनं सांगितल्याशिवाय कोणाला आपल्याला ताप आलाय हे कळतच नसे.

अशा घरात थोरल्या मुलानं रक्तातली साखर मोजायचं यंत्र आणलं. त्याची पट्टी बोटाच्या पेराएवढी. टोकाला एन्झाइम नावाचा पदार्थ फासलेला. रक्ताचा थेंब लागला की तो गर्दीतून नेमकी साखर धरतो, त्यातून जराशी वीज निघते, आणि ती मोजून यंत्र आकडा दाखवतं. (चोर धरावा तर असा. फक्त चोर घरातला की अंगणातला, हे तो विचारत नाही.)

बाई रोज घरभराच्या चहात चिमटीनं साखर घालत. चमचा वापरणं म्हणजे स्वतःच्या हातावर अविश्वास. कोणाचा चहा किती गोड, यावर घरात त्याची त्या दिवसाची लायकी ठरे. पहिल्याच सकाळी साखर घालून, हात पदराला पुसून, त्यांनी ऐटीत बोट पुढे केलं. आकडा आला तीनशे दहा.

"आई, डबा दे इकडे."

"अरे, मी ठणठणीत आहे!"

"ते तुला नाही कळत. यंत्राला कळतं."

घराची सभा भरली. ठराव झाले: डबा थोरल्या सुनेकडे. आईचा चहा बिनसाखरेचा. आईनं तक्रार केल्यास ते रोगाचं लक्षण धरावं.

दुसऱ्या सकाळी बाईंचा आकडा शंभरावर उतरला. सगळ्यांनी ठरावांचं कौतुक केलं. (साधी सर्दी जायला आठवडा घेते, हे कोणी काढलं नाही.) गंमत म्हणून थोरल्या सुनेनं बोट दिलं, तर तीनशे चाळीस! डबा धाकट्या सुनेकडे गेला, रोगही मागोमाग गेला. आजी कारभारी शंभर टक्के आजारी, माजी कारभारी शंभर टक्के बऱ्या. थोरल्यानं शास्त्रीय निष्कर्ष काढला, की हा रोग जबाबदारीनं होतो.

धाकटी डबा मांडीवर घेऊन रडत बसली. तिच्या बोटावर एक मुंगी चढली, शेंडा चाटला आणि तृप्त होऊन उतरली. मुंगीकडे ना पट्टी, ना वीज. पण साखर कातडीच्या वर आहे की आत, एवढं तिला समजलं.

शेजारी बसलेल्या बाईंनाही समजलं.

"आण गं तो डबा," त्या म्हणाल्या. "मरायचंच तर मी मरते. तुमची अजून वयं आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली, मोरीत जाऊन साबणानं हात खसाखसा धुतले आणि बोट पुढे केलं. अठ्ठ्याण्णव.

"आई, हे कसं गं?"

"अंगात धमक लागते, बाबा."

तेव्हापासून डबा बाईंकडेच आहे. सुनांना त्याच्याजवळ फिरकू देत नाहीत. तब्येत जपायला नको?

हसताय? मग तुमचा परवाचा आकडा आठवा आणि जरा बोट चाटून बघा. गोड लागलं तर हात धुवा. नाही लागलं, तर आकडा खरा होता.