शेवटच्या फेरीची घंटी

पिशवीत हात घातला तेव्हा गेस्केला पितळी घंटेऐवजी साखरपाव लागला. अख्खा, चांगला दीड किलोचा, तिनंच काल भाजलेला.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची पंधराशे मीटरची स्केटिंग शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं होती. हेरेनवेन या डच गावातलं स्केटिंगचं सभागृह नारिंगी टोप्यांनी भरून गेलं होतं. स्केटर शेवटच्या फेरीत शिरला की घंटा वाजवायची, हे काम गेस्के अकरा वर्षं विनामोबदला आणि विनाचूक करत आली होती.

तिनं घरी नवऱ्याला फोन लावला.

"होट्से, घंटा कुठंय?"

"ही काय, ओट्यावर. अशी घासलीय, तोंड दिसतंय माझं तिच्यात!"

"अरे, ती इथं हवी ना!"

"मग तू पिशवीत काय नेलंस?"

"साखरपाव."

"तरीच म्हटलं, कॉफीबरोबर खायला काही सापडत कसं नाही."

"सायकल काढ आणि नीघ!"

"वारा समोरून आहे गं. तासभर तरी लागेल."

मुख्य पंच हाल्वर्सन नॉर्वेचे. ते म्हणाले, "काहीही आणा, वाजल्याशी कारण." बाहेर हजारो सायकली उभ्या होत्या. गेस्केनं आपल्या सायकलची घंटी काढून आणली.

या शर्यतीत एका वेळी दोघंच पळतात आणि सगळ्यांत कमी वेळ घेणारा जिंकतो. पहिल्या नऊ जोड्या सुरळीत गेल्या. नॉर्वेचे, पोलंडचे, कझाकस्तानचे स्केटर मान खाली घालून पळाले. त्यांना घंटी काय नि घंटा काय. बाकीचे दोन डच स्केटर तापानं झोपले होते, म्हणून सगळ्या देशाचे डोळे शेवटच्या जोडीतल्या विब्रनवर लागले होते. तो गेस्केच्याच गल्लीतला. वय तेहतीस, आजवर तीन कांस्यपदकं, सुवर्ण एकही नाही, आणि ही त्याची शेवटची शर्यत.

विब्रन आतल्या मार्गिकेतून सुसाट आला. कॅनडाचा गार्नेट बाहेरच्या मार्गिकेत, हातभर मागे. गेस्केनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि घंटी दाबली. ट्रिंग ट्रिंग!

मागून घंटी वाजली की उजवीकडे सरकायचं, हे इथलं मूल बोलायच्या आधी शिकतं. त्यात विचार करायचा नसतो. पायऱ्यांवरून बिअर घेऊन चाललेली वीसेक माणसं एकदम उजवीकडे सरकली. आणि विब्रनही सरकला. सरळ रेघ ओलांडून गार्नेटच्या पुढ्यात. वर 'माफ करा हं' म्हणून त्यानं एक हातही उचलला. गार्नेट धडकता धडकता कसाबसा उभा राहिला.

"मार्गिका सोडली," हाल्वर्सन म्हणाले. "बाद."

गेस्के पंचांच्या खोलीत गेली. एरवी तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नसे. चर्चमध्ये ती नुसतेच ओठ हलवते, असं लोक म्हणत.

"त्या पोराचा दोष नाही हो. माझ्या घंटीचा आहे."

"घंटी ऐकून शर्यतीत कोणी बाजूला होतं का, बाई?"

"आम्ही होतो."

"शक्यच नाही!"

तेवढ्यात समोरून इथलाच सहायक पंच बाउके दोन्ही हातांत कॉफी घेऊन पुढे गेला. तो जाता जाता सांगत होता, "नियम स्पष्ट आहे. कोणालाही सूट देता येणार..." गेस्केनं त्याच्या पाठीमागे घंटी वाजवली. बाउके अलगद उजव्या भिंतीला जाऊन चिकटला. एक थेंब सांडला नाही. "...नाही," त्यानं वाक्य पुरं केलं.

हाल्वर्सननी डोळे बारीक केले. "पुन्हा वाजवा बरं."

बाउकेनं भिंतीत शिरायचा प्रयत्न केला.

निर्णय झाला: अर्ध्या तासानं दोघांनी पुन्हा पळायचं.

दोघं सुटले, पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि होट्से घामाघूम होऊन धापा टाकत पोचला. गेस्केनं घंटा हिसकावून जोरात हलवली. आवाजच नाही. आत लोलक नव्हता!

"घासायला काढला होता," होट्से पुटपुटला. "खिडकीत ठेवलाय. फार सुंदर निघालाय."

एका हातात मुकी घंटा, दुसऱ्या हातात ती घातकी घंटी, आणि समोरून विब्रन येतोय. गार्नेट त्याच्याही पुढे. गेस्केनं दोन्ही खाली टाकलं, ओठांभोवती हात धरले, आणि छत्तीस वर्षांच्या संसारात होट्सेनं कधी ऐकला नव्हता असा आवाज काढला:

"शेवटची फेरीऽऽऽ!"

लगेच बारा हजार माणसं एका सुरात ओरडली, "शेवटची फेरीऽऽऽ!" विब्रन असा सुटला की जणू कोणी काठी घेऊन मागे लागलंय. सेकंदाच्या दोन शतांशांनी त्यानं गार्नेटला मागे टाकलं आणि सुवर्ण जिंकलं.

लोक नाचत होते, गळ्यात गळे घालत होते. बाउकेसुद्धा. खांद्यावर झेंडा टाकून विब्रन थेट गेस्केपाशी आला.

"मावशी, ती पहिली हाक तुमची?"

"चुकलं का रे माझं?"

"छे हो! मला वाटलं, आई जेवायला बोलावतेय. पाच भाऊ आम्ही, मावशी. शेवटी पोचेल त्याला खिम्याचा गोळा कधीच मिळायचा नाही!"