आनंद गटामुळेच झाला पाहिजे

अहमदपूर-लातूर रस्त्यावरच्या एका फाट्यावर साखराबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. भर दुपारी तिथलं पायमशीन चोरीला गेलं. त्या ठाण्यात गेल्या, हवालदारांनी कागद पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीत ‘अज्ञात चोरटा’ असं लिहिलं. साखराबाई काही सांगायला लागल्या तेव्हा त्यांनी हात वर केला. “ते तपासात येईल बाई. तुम्ही फक्त मशीनचं सांगा.”

ऐन लग्नसराईत पंधरा जणींचे ब्लाऊजपीस साखराबाईंकडे कापून पडले होते. मशीन मिळालं नाही, पण आठवड्याभरात आधार मिळाला. लातूरच्या सहवेदना संशोधन केंद्रानं ‘गुन्हेपीडितांसाठी सामूहिक आधार : परिणामकारकता अभ्यास’ हाती घेतला होता आणि त्यांना बारा पीडित कमी पडत होते. फाट्यावर ते एका दिवसात जमले. एकाची पाण्याची मोटार गेली होती, एकीच्या कोंबड्या. आपलं काहीच कसं गेलं नाही म्हणून दोघं-तिघं हळहळत परत गेले.

समाजमंदिरात पहिली बैठक झाली. केंद्राचे समन्वयक मल्लिकार्जुन सर म्हणाले, “गोपनीयता हा या अभ्यासाचा प्राण आहे. इथं कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकाला क्रमांक आहे.” साखराबाई पी-सात झाल्या. मोटारवाले व्यंकटराव पी-चार झाले. ते साखराबाईंचे सख्खे दीर. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती.

“पी-सात वहिनी, जरा सरकून बसा,” व्यंकटराव म्हणाले.

“वहिनी म्हणू नका, ओळख पटते,” सरांनी बजावलं. त्या दिवसापासून दीर-भावजयीचं घरातलं बोलणंही बंद झालं, कारण चुकून नाव निघालं तर अभ्यास बाद होईल अशी दोघांना धास्ती बसली.

मुलाखती केंद्राची प्रियदर्शनी घ्यायची. पोरगी गुणाची होती, आल्यावर आधी पाया पडायची आणि मग ध्वनिमुद्रक सुरू करायची. तिच्याकडे दहा चेहरे छापलेला तक्ता होता. पहिला रडका, दहावा हसरा.

“मावशी, आज कोणता चेहरा?”

“दुसरा.”

“मागच्या आठवड्यातही दुसराच होता. गटात बोलून हलकं वाटलं नाही का?”

“लई वाटलं. पण मशीन न्हाई ना बाई. हातानं टीप घालून घालून बोटं सोलून निघाली. नवरीकडचे रोज येऊन उभे राहून राहिले. मी गटात बोलू का ब्लाऊज शिवू?”

प्रियदर्शनीनं सावकाश लिहिलं : ‘प्रतिसादक वस्तूत अडकलेली.’

सहा बैठका झाल्या. दहा पीडित पाचव्या-सहाव्या चेहऱ्यावर आले. पी-तीन तर कोंबड्या विसरून आठव्यावर पोहोचल्या, बैठकीत मिळणाऱ्या पोह्यांचा त्यात मोठा वाटा होता. साखराबाई मात्र दोनवरून हलेनात. आलेखाची रेघ त्यांच्यापाशी आली की विहिरीत उतरायची. सर चिंतेत पडले. निधी देणारे रेघ बघतात, विहीर बघत नाहीत. तेव्हा पी-सातला उभारी यावी म्हणून समाजमंदिराच्या कोपऱ्यात ‘उपजीविका प्रेरणा दालन’ उघडायचं ठरलं आणि बाजारातून एक जुनं पायमशीन आणलं गेलं.

साखराबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. मशीनच्या खणाच्या मुठीच्या जागी कोटाचं काळं बटण होतं. तुटलेल्या पट्ट्याला निळ्या परकराच्या नाडीची गाठ होती. ते बटण आणि ती गाठ त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती.

“हे माझंच हाय,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

“सुंदर,” सर म्हणाले. “आपलेपणा निर्माण झाला. प्रियदर्शनी, लिहून घ्या.”

“तसं न्हाई सर. माझं म्हणजे माझंच. चोरीला गेलेलं.”

सरांना विचार करायला दोन दिवस लागले. मशीन केंद्राच्या जडवस्तू नोंदवहीत चढलं होतं. ते सोडवायचं तर मूळ मालकाचा नावानिशी अर्ज हवा. नाव दिलं की गोपनीयता भंगणार आणि बाराही जणांची माहिती बाद होणार. साखराबाईंनी पी-सात या क्रमांकानं अर्ज करून पाहिला, तो पडताळणीसाठी ठाण्यात गेला. ठाण्यातून उत्तर आलं, पी-सात नावाच्या कोणत्याही महिलेची तक्रार दाखल नाही.

“आणि समजा दिलं,” सर समजावणीच्या सुरात म्हणाले, “तर तुम्ही एकदम दहाव्या चेहऱ्यावर जाल. तो आनंद मशीनमुळे होईल. आमच्या अभ्यासात आनंद गटामुळेच झाला पाहिजे.”

शेवटी प्रियदर्शनीनं तोड काढली. दर बैठकीत पी-सातनं पाऊण तास मशीनवर बसायचं, उपचार म्हणून. साखराबाई पिशवी भरून ब्लाऊजपीस घेऊन आल्या. त्यांनी नाडीची गाठ आवळली, पायाखाली ताल सुरू झाला आणि पाऊण तासात दोन ब्लाऊज हातावेगळे झाले. त्या दिवशी त्यांनी नवव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. रेघ विहिरीतून थेट माळवदावर चढली. सरांनी पेढे वाटले.

मग नांदेडला परिषद झाली. ‘पी-सातचे परिवर्तन’ हे तिचं मुख्य आकर्षण होतं. ओळख लपवण्यासाठी व्यासपीठावर पडदा लावला आणि त्यामागे साखराबाई मशीन चालवत बसल्या. पडद्यावर सावली हलत होती. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, लग्न होऊन नांदेडला आलेल्या त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, म्हणजे रेणुकानं, मशीनच्या आवाजावरून टीप ओळखली.

“साखराबाई, माझ्या बाह्या जरा सैल ठेव गं. मागच्या वेळी काखेत तंग झाल्या.”

“हाव,” पडद्यामागून आवाज आला. “दंड मोजून घेते, जाऊ नको.”

ही ओळख अनधिकृत असल्याचं सरांनी तत्काळ जाहीर केलं. तिची नोंद झाली नाही. मग विद्वानांनी प्रश्न विचारले. मशीनवर बसताना काय वाटतं? गट भेटला नसता तर काय वाटलं असतं? हा प्रश्न ऐकताना काय वाटतं? साखराबाईंनी सगळ्यांना उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तरानंतर पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

अभ्यास यशस्वी ठरला, म्हणून दुसरा टप्पा मंजूर झाला. तो किनवटला होता. एका सकाळी टेम्पो आला आणि मशीन चढवून घेऊन गेला. साखराबाई फाट्यावर उभ्या राहून बघत होत्या. दोन ब्लाऊज अजून बाकी होते. त्या रडल्या, पण अभ्यास संपलेला असल्यामुळे चेहरा कुणी विचारला नाही.

ही गोष्ट लिहिण्यासाठी लेखकही फाट्यावर गेला होता. तीन तास त्यानं बारीकसारीक विचारलं. बटण कसलं, नाडी कोणत्या रंगाची, सर नेमके काय म्हणाले. मधूनमधून तो पोट धरून हसला. शेवटी त्यानं वही मिटली.

“झालं?” साखराबाईंनी विचारलं.

“झालं मावशी. छान गोष्ट होईल.”

“मग नाव?”

“कुणाचं?”

“ज्यानं मशीन नेलं त्याचं. मी घागर घेऊन येत होते, माझ्या डोळ्यांदेखत रिक्षात चढवून राहिला होता. पहिल्या दिवसापासून सांगायला बसले मी. हवालदारानं विचारलं न्हाई, सरानं न्हाई, त्या पोरीनं न्हाई. तुम्ही तरी विचाराल म्हणून चहा केला.”

लेखकाची अहमदपूरची गाडी आली होती. तो घाईनं उठला.

आपण इथवर वाचलंत, मध्ये कुठेतरी हसलातही असाल. रेणुकाच्या बाह्या सैल झाल्या की नाही, एवढं जाणून घ्यायचं असेल तर झाल्या. दुसरं काही आपणही विचारलेलं नाही.